पदक, नदी आणि करारपत्र

गेली वीस-बावीस वर्षे शाळेच्या परिपाठात मी एक गोष्ट सांगत आलो. एक कृष्णवर्णीय मुलगा ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकून आपल्या गावी येतो. पदक गळ्यात घालूनच एका उपाहारगृहात जातो. तिथे त्याला सांगितले जाते, तुमच्या वर्णाच्या माणसांना आम्ही इथे वाढत नाही. तो मुकाट्याने बाहेर पडतो, नदीवरच्या पुलावर जातो आणि ते सोन्याचे पदक ओहायो नदीच्या पात्रात भिरकावून देतो. गोष्ट संपली की मैदानावर शांतता पसरायची. ती शांतता मला आवडायची, हे कबूल केले पाहिजे.

एकदा मात्र ती शांतता मोडली. आठवीतला एक मुलगा रांगेतूनच म्हणाला, "मग सर, पदक टाकल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं खाल्लं काय ओ?" सगळी शाळा हसली, मीही हसलो. त्या मुलाचे वडील बाजारात हमाली करत. मुलगा पहाटे तालमीत जाई, जोर-बैठका काढी, आणि घरात खुराकाच्या दुधावरून रोज बोलाचाली होत. त्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता, हे मला उशिरा समजले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी एका गाजलेल्या आत्मचरित्राकडे पुन्हा एकदा, आणि थोडे कठोरपणे, पाहावे लागणार आहे.

ते आत्मचरित्र म्हणजे मुहम्मद अलीचे 'द ग्रेटेस्ट'. १९७५ साली ते अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लेखनसाहाय्य रिचर्ड डरहॅम यांचे, आणि प्रकाशनसंस्थेतील संपादक होत्या टोनी मॉरिसन. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या कादंबरीकार त्या याच. मी ते वाचले धारवाडला एम.ए. करत असताना, एका मित्राकडून मागून आणून, दोन रात्रींत. आमच्या अभ्यासक्रमात आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार होता. अनुभवाची प्रामाणिकता, आत्मगौरव, आत्मसमर्थन असल्या शब्दांची आम्हांला तोंडओळख झालेली होती. पण अलीचे पुस्तक हाती आल्यावर ते सगळे शब्द बाजूला पडले. भाषा अशी की वाचकाच्या खांद्यावर हात टाकून बोलते आहे. मुष्टियुद्धाचे एक अक्षर न कळणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही ती आपल्यासोबत ओढत नेत होती.

पदकाची हकिकत त्या पुस्तकात सविस्तर आहे. मित्राबरोबर उपाहारगृहात जाणे, अपमान, मोटारसायकलवाल्या गोऱ्या टोळक्याचा पाठलाग, मारामारी, आणि शेवटी पूल. मी मुलांना टोळके वगळून सांगत असे, कारण माझी गोष्ट त्यामुळे अधिक नेटकी होई. म्हणजे दंतकथेला आणखी घासून-पुसून गुळगुळीत करण्याचे काम मीही केले.

पुढे काही वर्षांनी डेव्हिड रेमनिक यांचे 'किंग ऑफ द वर्ल्ड' (१९९८) वाचनात आले, आणि इतरही काही वाचले. अलीच्या चरित्रकारांचे आणि त्याच्या निकटच्या माणसांचे सर्वसाधारण मत असे, की ही घटना घडलीच नाही. पदक हरवले किंवा चोरीला गेले, नदीत गेले नाही. लुईव्हिल गावातला वर्णभेद खरा होता. उपाहारगृहांतून कृष्णवर्णीयांना परत पाठवले जाई, हेही खरे. फक्त पूल, नदी आणि भिरकावलेले सोने एवढेच खरे नव्हते.

मी हे शिक्षकांच्या खोलीत बोललो तेव्हा आमचे एक सहकारी म्हणाले, "घटना खोटी असेल, पण भावना खरी आहे ना? मग बिघडले काय?" प्रश्न योग्य आहे. वाङ्मयात आपण हे नेहमी मान्य करतो. कादंबरीत तर मान्य करावेच लागते. पण आत्मचरित्रात एखादी न घडलेली घटना येते, तेव्हा ती एका घडलेल्या घटनेची जागा घेते. समीक्षकाचे काम, मला वाटते, त्या बाहेर ढकललेल्या घटनेचा शोध घेणे हे आहे. अलीच्या बाबतीत ती घटना आहे एक कागद, १९६० च्या ऑक्टोबर महिन्यात सही झालेला.

त्या कागदापर्यंत तो कसा आला, ते आधी पाहू. कॅशियस क्ले (मुहम्मद अली हे नाव त्याने १९६४ मध्ये घेतले) १९५४ साली बारा वर्षांचा होता. गावातल्या एका मेळाव्यातून त्याची नवी सायकल चोरीला गेली. चोराला बदडून काढीन, असे तो रडत-रडत ज्या पोलिसाला सांगू लागला, तो जो मार्टिन फावल्या वेळात मुलांना मुष्टियुद्ध शिकवत असे. बदडायचे असेल तर आधी लढायला शीक, असे त्याने सुचवले. पुढे फ्रेड स्टोनर या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाकडेही तो शिकला. शाळेच्या बसमध्ये न बसता बसच्या बरोबरीने धावत शाळेत जाई. सहा वर्षांत शंभराच्या आसपास हौशी लढती त्याने जिंकल्या. १९५९ आणि १९६० या दोन्ही वर्षी 'गोल्डन ग्लोव्हज'ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि ५ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये पोलंडच्या झ्बिग्नियेफ पिएत्शिकोव्स्की या कितीतरी अनुभवी डावखुऱ्या खेळाडूला हरवून लाइट हेवीवेट गटाचे सुवर्ण घेतले.

मुख्याध्यापक म्हणून मला या काळातली एक हकिकत विशेष जवळची आहे. क्ले अभ्यासात यथातथाच होता. शालान्त वर्गातल्या ३९१ विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक ३७६ वा. त्याला उत्तीर्ण करू नये असे काही शिक्षकांचे म्हणणे होते. मुख्याध्यापक अ‍ॅटवुड विल्सन यांनी शिक्षकांना समजावले, की उद्या या शाळेला लोक ओळखतील ते या मुलामुळे, आणि हा मुलगा पूर्ण करू शकला नाही अशा शाळेचा प्रमुख म्हणवून घेण्याची माझी इच्छा नाही. त्यांचे बरोबर की चूक यावर मी अनेक रात्री विचार केला आहे. वाचता-लिहिता येण्याचा प्रश्न गुणपत्रिकेवर संपत नाही, तो पुढे करारपत्रावर उभा राहतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. त्याविषयी शेवटी.

आपल्या मराठी माणसाला 'हौशी' आणि 'व्यावसायिक' हे दोन शब्द रंगभूमीने शिकवले. हौशी म्हणजे निर्मळ आणि व्यावसायिक म्हणजे धंदेवाईक, अशी एक समजूत आपल्या मनात बसलेली आहे. पण हौशी नटाच्या पाठीशी बँकेची किंवा कचेरीची नोकरी असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. ज्याच्या पाठीशी पगार नाही त्याची हौस किती दिवस टिकणार? क्लेचे वडील दुकानांच्या पाट्या आणि देवळांतली चित्रे रंगवत. आई लोकांच्या घरी काम करी. अठरा वर्षांच्या त्या मुलाला रोमहून परतल्यावर आठ आठवड्यांच्या आत हौसेतून व्यवसायात जायचे होते. माझ्या मते या चरित्रातला सर्वांत नाट्यमय पूल हाच, आणि त्यावरून कोणी काही फेकले नाही.

लुईव्हिलमधल्या अकरा गोऱ्या धनिकांनी मिळून एक मंडळ स्थापन केले आणि क्लेशी सहा वर्षांचा करार केला. सही करताच दहा हजार डॉलर. प्रशिक्षणाचा, प्रवासाचा, राहण्याचा खर्च मंडळाचा. ठरावीक उचल दरमहा. सुरुवातीला कमाईत निम्मा वाटा. आणि त्याच्या उत्पन्नातले पंधरा टक्के एका विश्वस्त निधीत, जो त्याला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी किंवा निवृत्तीनंतरच मिळेल. क्लेच्या बाजूने या वाटाघाटी करणारी वकील होती अल्बर्टा जोन्स, केंटकी राज्यात वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक. त्या काळी मुष्टियोद्ध्यांवर गुंडांच्या टोळ्यांचा ताबा असे. सॉनी लिस्टनसारखा जगज्जेताही त्यातून सुटला नव्हता. अशा काळात इतका सभ्य करार विरळाच.

म्हणजे ज्या गावाने त्याला एका टेबलावर बसू दिले नाही, त्याच गावातल्या गोऱ्या श्रीमंतांबरोबर तो दुसऱ्या टेबलावर बसला, आणि त्याच्या बाजूच्या खुर्चीवर त्याच्याच समाजातली एक बाई कलम न् कलम वाचत होती. हे दृश्य नदीपेक्षा किती गुंतागुंतीचे आहे! यात अपमान आहे, गरज आहे, हिशेब आहे, आणि एक प्रकारची ताठ मानही आहे. पण हे दृश्य सांगताना मैदान शांत होत नाही. म्हणूनच सांगणाऱ्यांनी नदी निवडली. मीही नदीच निवडली.

पुस्तकाला ही निवड सोयीची का वाटली, याचेही कारण दिसते. लुईव्हिल मंडळाचा करार १९६६ साली संपला, आणि अलीचा व्यवहार हर्बर्ट मुहम्मद यांच्या हाती गेला. ते 'नेशन ऑफ इस्लाम'चे प्रमुख एलायजा मुहम्मद यांचे चिरंजीव. पुस्तक तयार झाले ते या काळात. १९७५ मध्ये अलीला स्वतःचा जन्म, वैचारिक अर्थाने, १९६० च्या अपमानात दाखवायचा होता. क्लेचा अली कसा झाला याचे उत्तर एका क्षणात हवे होते. खरे तर तो बदल कित्येक वर्षे हळूहळू होत होता. आत्मचरित्रकाराला हळूहळूचे वावडे असते. हा दोष अलीच्या एकट्याच्या पुस्तकाचा नाही. आपल्याकडच्या कितीतरी आत्मकथनांतही एखादी रेल्वेतली रात्र किंवा एखादी थप्पड सगळे आयुष्य बदलून टाकते.

हळूहळूचा भाग पाहायचा तर तो व्यावसायिक आखाड्यात दिसतो. २९ ऑक्टोबर १९६० रोजी लुईव्हिलमध्येच क्लेची पहिली व्यावसायिक लढत झाली. प्रतिस्पर्धी टनी हनसेकर हा वेस्ट व्हर्जिनियातल्या फेएटव्हिल गावचा पोलीसप्रमुख. सहा फेऱ्यांनंतर पंचांनी क्लेला विजयी ठरवले. ऑलिंपिकमध्ये तीन फेऱ्या असत, इथे सहा, पुढे दहा, आणि विजेतेपदासाठी त्या काळी पंधरा. तीन फेऱ्यांत गुण टिपून पसार होता येते. पंधरा फेऱ्यांत दम लागतो, मार खावा लागतो, आणि मार खाऊन उभे राहण्याचे कसब निराळे असते.

मंडळाने त्याला आधी आर्ची मूर या बुजुर्ग मल्लाकडे पाठवले. मूरच्या तळावर शिकाऊ मुलांनी झाडलोट करायची, भांडी घासायची असा दंडक होता. आपल्याकडे तालमीत नव्या पोराने हौदाची माती उकरायची, वस्तादाचे अंग रगडायचे, तसाच. क्लेने ते नाकारले आणि तळ सोडला. मग मायामीत अँजेलो डंडी हा प्रशिक्षक मिळाला. हात खाली ठेवून, मान मागे झुकवून ठोसा चुकवण्याची क्लेची हौशी काळातली लकब जाणकारांना घोडचूक वाटे. डंडीने ती मोडली नाही. क्लेने न मारलेल्या ठोशाचेही तो कौतुक करी, की आज तो ठोसा काय सुरेख मारलास, आणि दुसऱ्या दिवशी क्ले तो खरोखर मारी. शिक्षणशास्त्राच्या पदवीला आम्ही जे पुष्कळ पाने वाचून शिकलो, ते या माणसाला उपजत कळले होते. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये क्लेने आर्ची मूरलाच चौथ्या फेरीत हरवले, आणि २५ फेब्रुवारी १९६४ रोजी लिस्टन सातव्या फेरीसाठी उठला नाही तेव्हा क्ले बावीस वर्षांचा जगज्जेता झाला.

आता खरे फेकणे. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे लष्करभरतीच्या वेळी नाव पुकारले असता अली पुढे झाला नाही. व्हिएतनामचे युद्ध त्याला मान्य नव्हते. त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले, लढण्याचे परवाने गेले, जूनमध्ये पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. जामिनावर बाहेर राहिला तरी साडेतीन वर्षे, पंचवीस ते अठ्ठावीस या ऐन उमेदीच्या वयात, त्याला एकही लढत मिळाली नाही. ऑक्टोबर १९७० मध्ये तो अटलांटात पुन्हा उतरला, आणि जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. दंडाचा आकडाही योगायोगाने तोच, पहिल्या सहीच्या वेळी मिळालेल्या रकमेएवढा.

नदीच्या गोष्टीवर माझा मुख्य आक्षेप इथे आहे. सोन्याचे पदक फेकणे हा एका संध्याकाळचा राग असतो. चालू व्यवसाय, उत्पन्न आणि वय यांवर पाणी सोडणे हा रोज सकाळी नव्याने करावा लागणारा निश्चय असतो. खोटी गोष्ट खऱ्या गोष्टीची नुसती सजावट करत नाही, ती तिला लहान करते. मुलाला वाटते, स्वाभिमान म्हणजे भिरकावणे. अलीने जे सोडले ते मिळवलेले होते, कागदावर होते आणि त्याची किंमत त्याला माहीत होती, म्हणूनच ते सोडण्याला अर्थ आला.

मायकेल मान यांचा 'अली' (२००१) हा चित्रपट या बाबतीत पुस्तकाच्या विरुद्ध टोकाला जातो. तो १९६४ च्या लिस्टन लढतीपासून सुरू होतो आणि १९७४ च्या किन्शासातल्या विजयाशी थांबतो. हौशी वर्षे नाहीत, करार नाही, आणि उतरता काळही नाही. विल स्मिथ यांचे काम उत्तम आहे. पण नायक तयार अवस्थेत पडद्यावर येतो आणि शिखरावर असतानाच पडदा पडतो. पुस्तकाने पूल रचला, चित्रपटाने पूलच वगळला.

उतरत्या काळाकडे पाहिले तर करारातला पस्तीस हा आकडा डोळ्यांत भरतो. या वयापर्यंत लढणाऱ्याचे शरीर थकते, हे त्या कागदाने धरलेले होते. अली जानेवारी १९७७ मध्ये पस्तीस पूर्ण झाला. त्यानंतर तो सहा लढती लढला. व्यावसायिक आयुष्यातल्या एकूण पाच पराभवांपैकी तीन या सहांत आहेत. त्यांतला पहिला लिऑन स्पिंक्सकडून, फेब्रुवारी १९७८ मध्ये. स्पिंक्सही ऑलिंपिक विजेता, १९७६ चा, आणि ही त्याची अवघी आठवी व्यावसायिक लढत. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सपुढे दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर डंडीने लढत थांबवली. १९८४ मध्ये कंपवाताच्या विकाराचे निदान झाले.

मग हौशी राहणेच शहाणपणाचे होते काय? क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हनसन तीनदा ऑलिंपिक विजेता झाला, आणि अलीशी लढण्यासाठी देऊ केलेले लक्षावधी डॉलर त्याने नाकारले. त्याच्या देशात व्यावसायिक खेळांना बंदीच होती, पण नकार त्याचा स्वतःचा होता, आणि तो आदरणीय आहे. दुसरे उदाहरण आपल्या देशातले. जानेवारी १९८० मध्ये अली भारतात आला, तेव्हा दिल्लीत त्याच्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत लढला तो आपल्या लष्करातला कौर सिंग. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले, पद्मश्री मिळाली. उतारवयात उपचारांसाठी कर्ज काढावे लागल्याच्या बातम्या २०१७ मध्ये आल्या, आणि २०२३ मध्ये तो गेला. हौसेचे पावित्र्य औषधाचे बिल भागवत नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेनेही अखेर जून २०१६ मध्ये व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांना ऑलिंपिकचे दार उघडले. त्याच आठवड्यात, ३ जून रोजी, अली निवर्तला.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये थरथरत्या हाताने ज्योत पेटवणाऱ्या अलीला रोमच्या पदकाच्या जागी नवे पदक देण्यात आले. त्याने ते ओठांना लावले. ज्याने खरोखर तिरस्काराने फेकले असते, त्याने ते असे स्वीकारले असते का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

असो. त्या आठवीतल्या मुलाचे सांगायचे राहिले. दहावीनंतर चार-पाच वर्षांनी तो एक कागद घेऊन माझ्याकडे आला. बाहेरच्या एका आखाड्याने त्याला ठेवून घेतले होते. खाणे-राहणे त्यांचे, आणि बक्षिसातला वाटाही त्यांचा. कागद इंग्रजीत होता, शेवटी दोन ओळी कन्नडमध्ये. किती वर्षे, किती वाटा, दुखापत झाली तर कोण पाहणार, यातले त्याला काही ठाऊक नव्हते. मी वाचून दाखवले. दुखापतीविषयी त्यात एक शब्दही नव्हता. "सही कधी करायची आहे?" मी विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "केलीय सर. तुम्हाला दाखवून घेऊ म्हटलं."

दोन वर्षांत गुडघा गेला आणि तो परत आला. आज तो एका गोदामात काम करतो. मी त्याला आठ वर्षे शिकवले. त्याच्या मनात माझ्याकडून एक पूल आणि एक नदी पोचली होती. अल्बर्टा जोन्स पोचली नव्हती.

'द ग्रेटेस्ट' आजही वाचण्याजोगे पुस्तक आहे. मी ते शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहे, आणि मोठ्या मुलांना देतो. पण परिपाठात आता नदी सांगत नाही. अठरा वर्षांच्या मुलाची, त्याच्या वकिलाची आणि पंधरा टक्क्यांची गोष्ट सांगतो. मैदान पूर्वीसारखे शांत होत नाही, मागच्या रांगा चुळबुळत असतात. मात्र गेल्या वर्षी गोष्ट संपल्यावर एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "सर, दहा हजाराचे पंधरा टक्के म्हणजे दीड हजार. पण निधी सतरा वर्षं ठेवला तर व्याज किती होईल, ते काढायचं का?"

म्हटले, "काढ."